भिकाबाईच्या ओट्यावरचा पडदा

हिंगोली,
१० नोव्हेंबर १९७४

चतुरा,

आशीर्वाद लिहिला तर तू पत्र फाडशील, न लिहावा तर मी थोरली बहीण. म्हणून ते तसंच सोडून मुद्द्याचं लिहिते.

दोन वर्षं झाली, तू माझी पायरी चढली नाहीस. तुझ्या चांगुणाची सेनगावची सोयरीक मोडली आणि त्याचं सगळं खापर तू माझ्या माथ्यावर फोडलंस. मुलाची आत्या माझ्या दुकानात बांगड्या भरायला आली होती, तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं, की पोरीच्या कोपराजवळ कोडाचा डाग आहे. विचारल्यावर खोटं बोलायचं का? हे मी तेव्हाही म्हणाले होते, आजही म्हणते. तो विषय आज काढायचा नव्हता.

लिहायचं कारण असं, की आमच्या गल्लीत यंदा बाजार भरला. स्टेशनापलीकडच्या मोकळ्या जागेत दसऱ्याला भरायचा तोच. ठेकेदार शंकरसिंग म्हणून आहे, त्यानं तो उचलून चौकापासून तेलघाण्यापर्यंत आमच्या दारांत आणून मांडला. दसऱ्यापासून परवापर्यंत पाल, बांबू, दिव्यांच्या माळा. भोंगा दुपारी सुरू झाला की स्वतःच्या घरात हाका मारून बोलावं लागायचं. हळदीच्या गाड्या गल्लीतून जायच्या बंद झाल्या. नळ दोन दुकानांच्या मधे अडकला, घागर आडवी धरून आत शिरायचं. समोरच्या सटवाजीच्या भांड्याच्या दुकानासमोरच स्टीलवाला बसला. जुने कपडे द्या, वाटी घ्या. सटवाजीची तांब्या-पितळेची भांडी दिवाळी तोंडावर असून तशीच टांगलेली राहिली.

आणि माझं काय झालं ते ऐक. दाराच्या बराबर समोर भिकाबाईचा ओटा. तो तिनं भाड्यानं दिला, बांगड्यांना. रूपाबाई नावाची कोण बाई आहे, ठेकेदाराच्या बाजारासंगं गावोगाव फिरणारी. पुढं ती माल विकायची, मागं ओट्यावर निळा पडदा लावलेला होता, बाया त्याच्या आत जायच्या आणि हात भरून बाहेर यायच्या. वीस वर्षं ज्या बायांचे हात मी भरले त्या बाया, चतुरा. माझ्या दारावरून मान खाली घालून गेल्या.

मला खटकलं ते वेगळंच. रूपाबाई परमुलखातली, तिला आमच्या गल्लीतल्या बायांची मापं कशी ठाऊक? सटवाजीच्या बायकोचा डावा हात उजव्यापेक्षा जाड आहे, डाव्याला अडीचची लागते, उजव्याला सव्वादोनची. हे मला ठाऊक, आणि कुणाला? ती आत गेली आणि दोन्ही हात बराबर भरून आली. एक ओरखडा नाही.

कुणीतरी घरभेदी आहे. मी नळावर गेले की बाया बोलायच्या थांबतात. तुझं भिकाबाईकडं जाणं-येणं होतं हे मला ठाऊक आहे. सरळ विचारते, तू तर काही सांगितलं नाहीस ना?

मंजुळा


हिंगोली,
६ ऑक्टोबर १९७५

चतुरा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. नसलं द्यायचं तर नको देऊस, पण वाच.

शंकरसिंग परत आला. काल सटवाजीच्या दुकानात सगळ्या गल्लीला बसवून चहा पाजला. म्हणाला, "किसीको तकलीफ नहीं होगी. गाडी निकलने को रस्ता छोडेंगे, नल खुला रहेगा." मी म्हणाले, गेल्या साली हेच बोलला होतात. तो हसला, म्हणाला, "बहनजी, आपका धंदा भी बढेगा. भीड तो सबकी होती है." गर्दी सगळ्यांची असते म्हणे. गर्दी माझ्या दारात उभी राहून पाठ माझ्याकडं करती, हे त्याला कोण सांगणार.

मला वाटलं सटवाजी माझ्या बाजूनं बोलेल. तो खाली बघत म्हणाला, "मंजुळाबाई, मी यंदा त्याच्याच बाजारात स्टील मांडून राहिलो. तांबं घ्यायला कोन येतंय आता?"

भिकाबाईला मी सगळ्यांदेखत विचारलं, "तुला ओटा काहून द्यायचा? समोर माझं दुकान हाये हे दिसत न्हाई का?"

ती म्हणाली, "दिसतंय. पण ह्यांच्या पायावरून वारं गेल्याला तीन साल झाले. वर्साचं औषध त्या ओट्यावर निघतंय. तुमच्या दुकानावर निघत न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती, पण खरंही पुरतं बोलत नव्हती. बोलताना तिनं जिवनबाईकडं बघितलं आणि जिवनबाईनं मान हलवली. दोघींत काहीतरी आहे. जिवनबाई माझ्या घरी दळण-कांडण करते, माझ्या हातची भाकर खाते.

तुझे दाजी म्हणतात, "तू आपलं दुकान बघ." ते बांगड्यांचं ओझं घेऊन नरसीकडं जातात ते चार दिवसांनी येतात. त्यांना काय ठाऊक, इथं दिवसभर समोरच्या ओट्याकडं बघत बसणं म्हणजे काय असतं.

मंजुळा


हिंगोली,
१९ ऑक्टोबर १९७५

चतुरा,

पडदा परत लागला. यंदा जाड आहे, आणि ओट्याच्या तिन्ही बाजूंनी. आत जायला भिकाबाईच्या घरातूनही दार आहे.

मी जिवनबाईला पैसे देऊन पाठवलं. म्हणाले, हात भरून ये आणि आत कोण बसतं ते बघून ये. ती गेली ती अर्ध्या घंट्यानं आली. मी विचारलं, "कोन हाये आत?"

"बाई हाये एक."

"कशी हाये? म्हातारी, तरणी?"

"पदर पुढं व्हता. मला काय दिसलं न्हाई."

"बोलली का काही?"

"न्हाई. हात भरती, बोलत न्हाई. लई बरं वाटतं."

काय बरं वाटतं म्हणून विचारलं तर उठून पीठ चाळायला गेली.

मी तिचा हात धरून नीट बघितला. दोन साध्या, एक नक्षीची, परत दोन साध्या, आणि कडेला एक जाड काचेची, म्हणजे आतल्यांना धक्का लागत नाही. चतुरा, ही मांडणी माझी आहे. आपल्या आईचीसुद्धा नव्हती. माझी मापं चोरली, गिऱ्हाईक चोरलं, आता हातही चोरला.

मला या बाजाराचा भरवसा नाही. पडद्याआड नुसत्या बांगड्या भरतात कशावरून? परवा एक नवीन लग्न झालेली पोर आत गेली, बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. बांगड्या भरताना कोण रडतं? गावोगाव फिरणाऱ्या बाया, त्यांच्यासंगं पुरुष माणसं, आणि गल्लीतल्या लेकीबाळी त्या कापडाच्या आत. कुणीतरी बघायला पाहिजे. गल्लीतलं कुणी बघणार नाही, सगळ्यांचे ओटे भाड्यानं गेलेत.

एक बोलायचं राहिलं. चांगुणा घरी बसून असेल तर तिला माझ्याकडं पाठव. मला हाताखाली माणूस पाहिजे. आठ वर्षांची असल्यापासून शाळेसाठी माझ्याकडं राहिली, दुकानात बसून शिकली, तिचा हात हलका आहे. झालं गेलं सोडून दे. मी तिला काही कमी पडू देणार नाही.

मंजुळा


हिंगोली,
२५ ऑक्टोबर १९७५

चतुरा,

तुझं कार्ड बावीस तारखेला मिळालं. तीन वर्षांत पहिलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. "चांगुणा कामाला आहे. बावीस वर्षांची आहे, मी तिला अडवलं नाही. तिची चौकशी करू नको. तुझ्या चौकशीनं एकदा झालं तेवढं पुरे." कुठं कामाला, ते तू लिहिलं नाहीस. मीही त्या दिवशी कळून घेतलं नाही. कळलं असतं तरी उशीर झाला होता.

काल काय झालं ते तुला भिकाबाईकडून कळेलच. माझ्याकडूनही कळू दे.

कुणीतरी कचेरीत निनावी अर्ज टाकला होता, की भिकाबाईच्या ओट्यावर पडद्याआड बायकांच्या अब्रूला धोका आहे. आणीबाणीचे दिवस, अर्ज गेला की माणसं लगेच येतात. दुपारी चारच्या सुमाराला एक साहेब आणि दोन शिपाई आले. बाजार गच्च भरलेला. पुसेगाव, नरसी, कुठून कुठून एसटीनं आलेल्या बाया.

रूपाबाई आडवी आली. म्हणाली, "साहेब, आत बाया हायेत. एक एक करून बाहेर येऊ द्या, मग बघा."

साहेब म्हणाले, "आत काय चाललंय तेच बघायचंय."

शिपायानं दोरी ओढली. पडदा एका बाजूनं सुटला आणि सगळाच खाली आला.

आत एक पाट, साबणाच्या पाण्याची परात, बांगड्यांच्या पेट्या. पाटावर भिकाबाई हात पुढं करून बसलेली. आणि तिच्यासमोर चांगुणा.

पदर खांद्यावरून घसरला होता. बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या, साबणाच्या पाण्यात भिजू नयेत म्हणून. मी शेवटचा बघितला तेव्हा डाग नाण्याएवढा होता. आता दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे आहेत. सगळा बाजार बघत होता. भोंग्यावर गाणं चालू होतं तेवढंच.

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. मग अर्जाचा कागद रूपाबाईपुढं धरला, म्हणाले, असं आलं म्हणून यावं लागलं. रूपाबाईला वाचता येत नाही, तिनं तो चांगुणाकडं दिला. चांगुणानं ओले हात पदराला पुसले, कागद वाचला, होता तसा घडी करून परत दिला. मान वर केली नाही. माझ्या दुकानाकडं तर अजिबात बघितलं नाही.

तिनं बाह्या खाली ओढायला घेतल्या, तेव्हा भिकाबाई बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"चांगुणा, डावा हात ऱ्हायला माझा."

चांगुणा बघतच राहिली.

"एक हात रिकामा घेऊन घरात जाऊ का मी? भर."

चांगुणानं बाह्या तशाच राहू दिल्या. भिकाबाईचा हात घेतला, अंगठा आत दुमडला आणि बांगडी चढवायला लागली. मागं सटवाजीची बायको येऊन उभी राहिली. तिच्यामागं जिवनबाई. त्यांच्यामागं दोन परगावच्या. साहेब निघून गेले तरी रांग हलली नाही. पडदा कुणी परत बांधला नाही.

गल्लीतल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं, चतुरा. दोन साल. तुझी पोर भिकाबाईच्या घरात राहायची, मागच्या दारानं ओट्यावर यायची, आणि माझ्या कानावर एका बाईनं जाऊ दिलं नाही.

अर्ज कुणी टाकला ते ठाऊक नाही.

मंजुळा


हिंगोली,
२७ ऑक्टोबर १९७५

चतुरा,

परवाच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. अर्ज मी लिहिला.

सही केली नाही, पण अक्षर बदलायचं सुचलं नाही. चांगुणाला बाराखडी मीच शिकवली, दुकानात पाटी घेऊन. तिनं कागद उघडला तेव्हाच तिला कळलं. तिनं साहेबांपुढं माझं नाव घेतलं असतं तर सगळ्या बाजारानं माझ्या दारात थुंकलं असतं. तिनं कागदाची घडी केली.

मी दोन रात्री झोपले नाही. काल सकाळी जिवनबाई दळायला आली, तिला मी विचारलं, "तुला आत गेल्यावर चांगुणा दिसली व्हती ना?"

"दिसली व्हती."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

ती जातं थांबवून म्हणाली, "तुमाला सांगून तुमच्यापाशी ऱ्हाईल का ते? तुमी आमचा हात हातात घेता आन् समद्या गल्लीचं सांगता. कुनाच्या मनगटावर वळ हाये, कुनाच्या हातातली पाटली सावकाराकडं गेली. आमी ऐकतो, हासतो. मग घरी जाऊन वाटतं, आता आपलं कुनाला सांगून ऱ्हायल्या असतील." थोडं थांबून म्हणाली, "ती पोर बोलत न्हाई. त्या दिवशी रडत बाहेर आली त्या नवरीला नवरा मारतो. चांगुणानं ते वळ बघितले, पदरानं झाकले आन् बांगड्या भरल्या. तिथं रडली ती, तुमच्या इथं रडता आलं नसतं."

मी बाजाराला नावं ठेवली, ठेकेदाराला, सटवाजीला, भिकाबाईला, तुला. स्टीलवाल्यानं सटवाजीचं गिऱ्हाईक नेलं हे खरं आहे. बाजार यायच्या आधी ह्या बायांना जायला दुसरं दार नव्हतं, म्हणून त्या माझ्याकडं येत होत्या. दुसरं दार उघडलं आणि त्या गेल्या.

आणखी एक. सेनगावच्या त्या आत्यानं मला काही विचारलं नव्हतं. मी तुला तीन वर्षं तसं सांगत आले. तिचे हात भरून झाले होते, ती उठायला लागली होती. मोठ्या घरची बाई, तिनं आणखी थोडा वेळ बसावं, पाटल्या बघाव्यात, असं मला वाटलं. तिला बसवायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, "आमच्या चांगुणाला तुमच्या घरात सुख लागंल, कोपराजवळ जरासा डाग हाये तेवढाच." ती खाली बसली. पाटल्या घेतल्या नाहीत.

हे मी तुझ्या दाजींनाही सांगितलेलं नाही.

तुझी आक्का


हिंगोली,
५ नोव्हेंबर १९७५

चतुरा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललेही नव्हते. पण चांगुणाचं तुला कळायला पाहिजे, ती स्वतः किती सांगेल ठाऊक नाही.

बाजार धनत्रयोदशीला उठला. त्याच्या आधी आठवडाभर माझ्या दुकानात कुणी नव्हतं, मी दिवसभर समोर बघत होते. ती आता बाह्या वर करूनच बसायची. पडदा पडल्यावर पहिल्या दिवशी काही बाया नुसत्या बघायला आल्या, हे खोटं लिहिणार नाही. एकीनं हात पुढं करून परत मागं घेतला. रूपाबाईनं तिला पैसे परत केले आणि पुढचीला बसवलं. तिसऱ्या दिवशी बघणाऱ्या संपल्या. बाया पाटावर बसत होत्या, उठत होत्या.

सटवाजीनं दुकानाच्या अर्ध्या भागाला कुलूप लावलंय, शंकरसिंगासंगं वाशीमला चाललाय. त्याची बायको इथं एकटी. नळाची तोटी गर्दीत मोडली ती अजून तशीच आहे, पाणी वाहून राहिलंय. भिकाबाईच्या घरात मात्र नवऱ्यासाठी खाट आली. एका गल्लीत हे सगळं झालं, आणि पुढच्या साली बाजार परत येऊ द्यायचा का म्हणून विचारतील तेव्हा मी काय बोलावं, मला ठाऊक नाही.

शेवटच्या दिवशी मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला आणि रांगेत उभी राहिले. बाया बाजूला सरकल्या, मला पुढं जाऊ द्यायला. मी गेले नाही. माझ्यापुढं चौघी होत्या. भिकाबाई दारात उभी राहून बघत होती, तिनं येऊन माझ्या हाताला धरून हाकललं असतं तरी मी गेले असते. तिनं काही केलं नाही.

माझी पाळी आली. मी पाटावर बसले. लग्नानंतर माझे हात दुसऱ्या कुणी भरले नव्हते, मीच भरत आले.

चांगुणानं विचारलं, "किती?"

"तुला वाटतील तेवढ्या."

"गिऱ्हाइकानं सांगावं लागतं."

"डझनभर."

तिनं माप विचारलं नाही. पेटीतून हिरव्या काढल्या, माझा उजवा हात घेतला. तिचे हात थंड होते, पाण्यामुळं. मी इतक्या जवळून ते डाग पहिल्यांदा बघत होते. तोंडात शब्द जमा झालेले होते, चार दिवस मी तेच घोकत होते. मी म्हणाले, "चांगुणा, त्या कागदाचं..."

"मावशी, हात सैल सोड. ताठ धरला तर काच लागती."

सगळ्या बायांना ती तेच सांगत होती, त्याच आवाजात. मला हात सैल सोडता येईना. मी वीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आले आणि माझीच बोटं उघडेनात. ती थांबली. मागं रांग होती तरी थांबली. तिनं माझा तळवा दोन्ही हातांत धरून ठेवला, दाबला नाही, ओढला नाही.

मग हात सुटला. तिनं सहा या हातात भरल्या, सहा त्या हातात. पैसे घेतले, उरलेले मोजून परत दिले, आणि माझ्या मागच्या बाईला म्हणाली, "या, बसा."

चतुरा, माझा हात तिच्या हातात होता तेवढा वेळ मी पुढं एक शब्द बोलले नाही.

तुझी आक्का